कविता, डिस्टोपिया आणि आजचे प्रश्न : वर्गात हे कसं शिकवता येतं?

कॅलिफोर्नियातल्या एका घरात सकाळी सात वाजता घड्याळ बोलायला लागतं. स्वयंपाकघरातली शेगडी आपोआप टोस्ट आणि अंडी तयार करते. छतातून एक आवाज आजची तारीख सांगतो : ४ ऑगस्ट २०२६. न्याहारी टेबलावर येते, पण खायला कोणी येत नाही. थोड्या वेळाने घरच ती उचलून फेकून देतं.

ही अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी यांची १९५० सालची कथा. तिचं शीर्षक आहे 'देअर विल कम सॉफ्ट रेन्स'. नेमक्या याच शीर्षकाची एक कविता तिच्या ३२ वर्षं आधी आली होती. कवयित्री सारा टीसडेल यांची ती बारा ओळींची कविता कथेतलं घर रात्री मोठ्याने वाचून दाखवतं.

कविता आणि डिस्टोपियन कथा एकत्र शिकवायच्या असतील, तर मला याहून सोयीची जोडी माहीत नाही. दोन्ही छोट्या आहेत. दोन्हींमागे खऱ्या घटना आहेत. आणि दोन्ही एकमेकींशी भांडतातसुद्धा. हे भांडण कसं चालतं आणि त्यातून विद्यार्थी आजच्या प्रश्नांपर्यंत कसे पोहोचू शकतात, ते समजून घेऊया.

डिस्टोपिया म्हणजे नेमकं काय?

थॉमस मोर यांनी १५१६ मध्ये 'युटोपिया' या पुस्तकात एका आदर्श बेटाचं वर्णन केलं. त्याच्या उलट असलेलं जग म्हणजे डिस्टोपिया. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत आयर्लंडबद्दलच्या सरकारी धोरणावर टीका करताना या शब्दाचं एक रूप वापरलं होतं. म्हणजे हा शब्द साहित्यात रुळण्याआधीच राजकीय वादात वापरला गेला होता.

पण 'वाईट भविष्य' एवढीच व्याख्या केली तर मुलं झोंबी आणि उल्कापाताचे सिनेमे सांगायला लागतात. उल्का पडणं ही आपत्ती झाली. डिस्टोपियात जग बिघडतं ते माणसांनी केलेल्या व्यवस्थेमुळे, आणि ती व्यवस्था बऱ्याचदा सोयीसाठी, सुरक्षेसाठी किंवा सुखासाठी म्हणूनच सुरू झालेली असते. हा फरक पहिल्याच तासाला स्पष्ट झाला की पुढचं बरंच काम सोपं होतं.

आधी कविता, तीही तारखेशिवाय

टीसडेल यांची कविता वर्गात द्यायची ती कवयित्रीचं नाव आणि साल झाकून. मग विचारायचं, ही कविता कशाबद्दल आहे?

बहुतेकांचं उत्तर 'निसर्ग' असंच येणार, आणि त्यात मुलांची चूक नाही. पहिल्या सहा ओळींमध्ये पाऊस आहे, मातीचा वास आहे, पाकोळ्या, बेडूक, रानटी झाडांचा बहर आणि पक्षी आहेत. युद्धाचा उल्लेख येतो थेट सातव्या ओळीत, तोही जाता जाता. त्यानंतर कविता शांतपणे सांगते की माणूसजात नाहीशी झाली तरी झाडापाखरांना आणि ऋतूला त्याचं काहीच वाटणार नाही.

आता साल सांगायचं. १९१८. पहिलं महायुद्ध सुरू आहे, अमेरिका त्यात उतरून वर्ष झालंय. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत एक कायदा झाला. त्यानुसार सरकार, सैन्य किंवा राष्ट्रध्वज यांच्याविरुद्ध अपमानकारक बोलणं किंवा छापणं गुन्हा ठरलं. कविता छापून आली त्यानंतर दोन महिन्यांनी, जुलैमध्ये.

टीसडेल यांनी कायद्याला घाबरून युद्ध सातव्या ओळीत लपवलं, असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि शिक्षकांनीही तसं सांगू नये. पण दोन तारखा फळ्यावर शेजारी लिहून प्रश्न तर विचारता येतो : जिथे मोठ्याने बोलणं धोक्याचं असतं, तिथे कविता हळू आवाजात काय करू शकते? हा प्रश्न मुलांना लगेच कळतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर काय लिहायचं आणि काय लिहायचं नाही, हे ती रोज ठरवतच असतात.

मग कथा : माणूस नसलेली

ब्रॅडबरी यांच्या कथेत एकही जिवंत माणूस नाही. हे पहिल्या वाचनात लक्षात येतंच असं नाही, कारण घर सतत कोणाशी तरी बोलत असतं. यांत्रिक उंदीर फरशी पुसतात, आंघोळीचं पाणी भरलं जातं, पत्त्यांची टेबलं मांडली जातात. सगळं वेळेवर.

काय झालंय ते कळतं बाहेरच्या भिंतीवरून. भिंत जळून काळी पडलीय, फक्त पाच ठिकाणी रंग शिल्लक आहे : गवत कापणारा पुरुष, फुलं वेचायला वाकलेली बाई, हात वर केलेला मुलगा, हवेतला चेंडू आणि तो झेलायला उभी असलेली मुलगी.

इथे थांबून हिरोशिमा सांगावं लागतं. ६ ऑगस्ट १९४५ रोजी तिथे अणुबॉम्ब पडला. स्फोटाच्या प्रचंड उष्णतेने दगड आणि भिंतींचा पृष्ठभाग फिकट झाला. पण मध्ये माणूस किंवा वस्तू होती तिथे तो तसाच राहिला. तीच ती 'सावली'. एका बँकेच्या पायरीवर बसलेल्या माणसाची अशी सावली असलेला दगड आज हिरोशिमाच्या शांतता संग्रहालयात आहे. भिंतीवरच्या आकृत्या वाचताना आज हिरोशिमाची ती पायरी आठवल्याशिवाय राहत नाही.

कथा छापून आली ६ मे १९५० रोजी. आधीच्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाने पहिली अणुचाचणी केली होती आणि जानेवारीत राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी हायड्रोजन बॉम्बवर काम सुरू ठेवण्याचं जाहीर केलं होतं. वाचकाला शत्रू कोण ते ठाऊक होतं. तरीही कथेत शत्रूचं नाव नाही. बॉम्ब कोणी टाकला, युद्ध का झालं, यावर एक वाक्यसुद्धा नाही. 'लेखकाने हे का गाळलं असेल?' एवढ्या एका प्रश्नावर अर्धी तासिका सहज जाते, आणि ती जाऊ द्यावी.

दोघांचं भांडण कुठे आहे?

बहुतेक धड्यांमध्ये ही पायरी गाळली जाते, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. 'कविता आणि कथा दोन्ही युद्धाविरुद्ध आहेत' इथे थांबलं की दोन्हीतला जीव जातो.

कवितेत माणूस गेल्यावर निसर्ग सुखात आहे. कथेत तसं नाही. घरचा कुत्रा अंगभर जखमा घेऊन येतो आणि मरतो. यांत्रिक उंदीर त्याला कचरा समजून जाळायला नेतात. रात्री घर कविता वाचतं आणि त्यानंतर लगेच वाऱ्याने एक फांदी खिडकीतून आत पडते. साफसफाईच्या द्रावणाची बाटली शेगडीवर फुटते, आग लागते. विझवायला पाणी उरलेलं नाही, कारण घराने ते कित्येक दिवस नसलेल्या माणसांच्या आंघोळीत आणि भांड्यांत खर्च केलंय. सकाळी एकच भिंत उभी राहते आणि तिच्यातला आवाज पाच ऑगस्टची तारीख पुन्हा पुन्हा सांगत राहतो.

म्हणजे १९१८ मध्ये असं म्हणता येत होतं की माणसं एकमेकांना मारतील, पण पाखरं परत येतील. १९४५ नंतर ते तितक्या सहज म्हणता येईना. त्या ३२ वर्षांत शस्त्रं बदलली आणि त्याबरोबर 'निसर्ग आपल्यापासून सुरक्षित आहे' हा विश्वासही.

आता मुलांना तिसऱ्या जागी उभं करायचं : आज. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न आयपीबीईएस या संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार सुमारे १० लाख प्राणी-वनस्पती प्रजाती नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालानुसार पृथ्वीचं सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षा साधारण १.१ अंश सेल्सियसने वाढलंय. यासाठी कुठलंही महायुद्ध लागलं नाही. टीसडेल यांची कविता आज लिहायची झाली तर पहिल्या सहा ओळींत काय ठेवाल आणि काय काढावं लागेल? इथे साहित्य आणि समाजाचा प्रश्न आपोआप एकत्र येतात, वेगळं 'कनेक्शन' शिकवावं लागत नाही.

जाता जाता, १९९७ मध्ये ब्रॅडबरी यांच्या 'द मार्शियन क्रॉनिकल्स' या पुस्तकाची नवी आवृत्ती आली, तेव्हा त्यातल्या सगळ्या तारखा ३१ वर्षं पुढे ढकलल्या गेल्या. त्यामुळे काही प्रतींमध्ये ही कथा २०५७ मध्ये घडते. एकाच वर्गात दोन प्रती आल्या तर गोंधळ होतो. पण 'विनाशाची तारीख आपण नेहमी पुढे का ढकलतो?' हा प्रश्न फुकटात मिळतो.

'संदेश' नावाचा रकाना

महाराष्ट्रात दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत कवितेवर ठरलेले मुद्दे येतात : कवी, कवितेचा विषय, शब्दांचे अर्थ, कवितेतून मिळणारा संदेश, कविता आवडण्याचं किंवा न आवडण्याचं कारण. शेवटचा मुद्दा खरं तर चांगला आहे, कारण तो न आवडण्याची मुभा देतो. पण गाईडमधल्या तयार उत्तरांत न आवडलेली कविता सापडणं कठीण.

अडचण होते ती 'संदेश'ची. वरच्या कवितेचा संदेश लिहा म्हटलं की उत्तर येईल, 'युद्ध वाईट असते, आपण निसर्गाचे रक्षण केले पाहिजे.' यात चूक काहीच नाही, आणि कवितेतलंही काहीच नाही. हे वाक्य लिहायला कविता वाचायची गरजच नव्हती.

त्याऐवजी विचारता येतं : ही कविता कोणाशी वाद घालतेय? तिने काय सांगायचं टाळलंय? ती वाचून कोणाला राग येईल? या प्रश्नांची उत्तरं ओळींकडे परत गेल्याशिवाय देता येत नाहीत.

दहावीच्या 'कुमारभारती'त नारायण सुर्वे यांची 'दोन दिवस' ही कविता आहे. सुर्वे मुंबईच्या गिरणगावात वाढले. कवितेत श्रम आहेत, हात आहेत, रोजच्या भाकरीची काळजी आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर ते जग हळूहळू नाहीसं झालं. गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. आता मुलांना विचारा, आज तसे हात कुठे आहेत? सिग्नलला पाठीवर डब्याची बॅग घेऊन थांबलेला डिलिव्हरीवाला सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याला काम देणारा मुकादम दिसतच नाही, तो ॲपमध्ये आहे. सुर्व्यांच्या कवितेपासून या माणसापर्यंत यायला एक पाऊल लागतं आणि या माणसापासून डिस्टोपियन कथेपर्यंत जायला आणखी एक.

सत्यात उतरलेली गोष्ट : ॲसिमॉव्ह आणि लॉकडाऊन

सीबीएसईच्या मुलांनी नववीत अनेक वर्षं एक सौम्य डिस्टोपिया वाचला, पण त्याला तसं म्हणून शिकवलं गेलं नाही. एनसीईआरटीच्या 'बीहाइव्ह' पुस्तकातला पहिला धडा : आयझॅक ॲसिमॉव्ह यांची १९५१ ची 'द फन दे हॅड'. साल २१५७. अकरा वर्षांची मार्गी घरातच यांत्रिक शिक्षकासमोर बसून शिकते. शेजारच्या टॉमीला एक छापील पुस्तक सापडतं आणि तिला कळतं की पूर्वी मुलं एका इमारतीत एकत्र शिकायला जायची. तिला त्या मुलांचा हेवा वाटतो.

मार्च २०२० नंतर हीच गोष्ट मुलांनी मोबाइलच्या स्क्रीनवर, घरात एकट्याने बसून वाचली. ज्यांच्याकडे मोबाइल किंवा रेंज नव्हती, त्यांनी तीही वाचली नाही. ॲसिमॉव्ह यांनी हा भाग विचारात घेतलेला नाही. त्यांच्या २१५७ मध्ये यांत्रिक शिक्षक नसलेलं घर कुठे दिसतच नाही. कथेत काय खरं ठरलं यापेक्षा लेखकाला काय दिसलं नाही, हे शोधायला लावणं जास्त उपयोगी ठरतं. मोठ्या लेखकाची चूक काढायला मिळाली की मागच्या बाकावरचे हातही वर येतात.

'हे तर आधीच लिहिलं होतं!'

सोशल मीडियावर डिस्टोपिया भेटतो तो बहुधा असा. अमुक लेखकाने ७० वर्षांपूर्वी स्मार्ट स्पीकर सांगितला होता, तमुक पुस्तकात महामारी होती. यात मजा आहे, पण लेखकाला ज्योतिषी केलं की त्याचा मुद्दा हरवतो. ब्रॅडबरी यांच्या घरात महत्त्वाचं हे नाही की ते बोलतं. महत्त्वाचं हे की त्याला माणसं मेल्याचं कळत नाही.

दुसरा सापळा जॉर्ज ऑर्वेल यांच्याबाबत दिसतो. '१९८४' (प्रकाशन : जून १९४९) हे पुस्तक डावे उजव्यांवर फेकतात आणि उजवे डाव्यांवर. प्रत्येकाला त्यात आपला विरोधक दिसतो. ऑर्वेल स्वतः समाजवादी होते, स्पेनच्या यादवीत फॅसिस्टांविरुद्ध लढताना १९३७ मध्ये त्यांच्या गळ्यात गोळी लागली, आणि तरी त्यांची सगळ्यात धारदार टीका स्टालिनच्या राजवटीवर आहे. म्हणून वर्गातला नियम असा करता येतो : पुस्तकाचा संबंध आधी अशा गोष्टीशी जोडा, जी तुमच्या स्वतःच्या आवडत्या बाजूने केली आहे. मग दुसऱ्यांकडे वळा. हे अवघड जातं. मोठ्यांनाही.

तरीही पुस्तकातली खूण रस्त्यावर येते तेव्हा तिची ताकद नाकारता येत नाही. थायलंडमध्ये २०१४ च्या लष्करी उठावानंतर आंदोलकांनी 'हंगर गेम्स' सिनेमातली तीन बोटांची सलामी उचलली, आणि ती केल्याबद्दल लोकांना ताब्यात घेतलं गेलं. २०२१ मध्ये म्यानमारमध्येही तीच सलामी दिसली.

मुलांनी स्वतः लिहायचं कसं?

मार्गारेट ॲटवूड यांनी 'द हँडमेड्स टेल' (१९८५) लिहिताना स्वतःला एक बंधन घालून घेतलं होतं : इतिहासात कुठे ना कुठे घडलेलं नाही, असं काहीही पुस्तकात घालायचं नाही. शाळेसाठी हा नियम फार कामाचा आहे.

मुलांनी आपल्या गावातली किंवा वस्तीतली एकच गोष्ट निवडायची : पाण्याचा टँकर, चौकातला कॅमेरा, कोचिंग क्लास, उसाचा फड, सोसायटीचं गेट. ती ३० वर्षं पुढे न्यायची. कथेत जे जे घडेल, त्यासाठी समासात एक नोंद करायची : हे आज कुठे घडतंय? बातमी, आजीने सांगितलेली आठवण, सरकारी आकडा, काहीही चालेल. नोंद सापडली नाही तर तो प्रसंग कापायचा. यामुळे उडत्या गाड्या आणि दुष्ट रोबोट आपोआप गळतात. उरतं ते वाचताना खरंच अस्वस्थ व्हायला होतं.

मग त्याच जगावर बारा ओळींची कविता. तिच्यात माणूस बोलणार नाही. टँकर बोलेल, गेट बोलेल, उसाचं पाचट बोलेल. कथा लिहिताना मुलं कारणं शोधतात आणि कविता लिहिताना काय गाळायचं ते. दोन्ही लागतं.

एक काळजी मात्र घ्यावी. उसाच्या फडावरची मुलं वर्गात असतील तर तुमचा डिस्टोपिया हे त्यांचं वर्तमान असतं. त्यांना 'तुमचा अनुभव सांगा' म्हणून सगळ्यांसमोर उभं करू नये. लिहायचं असेल तर ती लिहितील, नाहीतर कॅमेऱ्यावर लिहितील.

शिक्षकांनी अडचणीचे भाग गाळावेत का?

याचं उत्तर ब्रॅडबरी यांच्याच दुसऱ्या पुस्तकाने दिलंय. 'फॅरनहाइट ४५१' (१९५३) ही पुस्तकं जाळणाऱ्या समाजाची कादंबरी. १९६७ मध्ये तिची शाळांसाठी खास आवृत्ती निघाली आणि तिच्यात प्रकाशकाच्या लोकांनी ७५ ठिकाणी मजकूर गुपचूप बदलला. १९७३ पासून तर काही वर्षं तीच आवृत्ती सगळ्यांना विकली जात होती. लेखकाला पत्ता नव्हता. ही गोष्ट त्यांना पत्रं लिहून कळवली ती विद्यार्थ्यांनी, आणि त्यानंतर मूळ मजकूर पुन्हा छापला गेला.

मजकूर मिळवायचा कुठून?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. टीसडेल १९३३ मध्ये गेल्या, त्यामुळे त्यांची कविता छापायला, भाषांतर करायला कोणाची परवानगी लागत नाही. ऑर्वेल जानेवारी १९५० मध्ये गेले. त्यांची पुस्तकं भारतात २०११ पासून खुली आहेत आणि कोणीही मराठीत आणू शकतं. ब्रॅडबरी २०१२ मध्ये गेले, म्हणजे त्यांची कथा अजून बरीच वर्षं संरक्षित आहे. मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला शिकवण्याच्या ओघात मजकुराची प्रत काढण्याची सवलत देतं. वर्गापुरत्या झेरॉक्स काढायला हरकत नाही. पीडीएफ चॅनलवर टाकणं मात्र त्यात बसत नाही.